हलक्या डेस्कटॉप प्रोग्रामचे पॅकेज: ऐच्छिक ॲड-ऑन आत ठेवावेत, वेगळे द्यावेत की प्रोग्रामनेच उतरवून घ्यावेत?

नोंदवही_विकसक (प्रश्न)

नमस्कार. स्कॅन केलेले कागद आणि छोट्या नोंदी एकाच जागी लावून ठेवण्यासाठी मी एक डेस्कटॉप प्रोग्राम लिहीत आहे. तो सी++ ही भाषा आणि क्यूटी (खिडक्या, बटणे असा प्रोग्रामचा दर्शनी भाग बांधण्याचा लायब्ररी-संच) यांवर उभा आहे आणि विंडोज व लिनक्स या दोन्हींवर चालतो. जुन्या, कमी मेमरीच्या संगणकावरही तो चटकन उघडला पाहिजे, हा माझा पहिल्यापासूनचा आग्रह आहे. त्यामुळे गाभ्यात नोंद लिहिणे, शोधणे, चित्र जोडणे आणि छापणे एवढ्याच गोष्टी ठेवल्या आहेत. क्यूटीच्या लायब्ररी धरूनही विंडोजवरचा इन्स्टॉलर पंचवीस मेगाबाइटच्या आसपास राहतो.

अडचण येते ती ॲड-ऑनपाशी, म्हणजे गाभ्याला हवे असल्यास जोडायच्या जादा सोयींपाशी. सध्या चार ॲड-ऑन तयार आहेत: टेसरॅक्टच्या साहाय्याने चित्रातला मजकूर ओळखणे, हनस्पेल वापरून शुद्धलेखन तपासणे, नोंदीचे वेबपानासारखे पूर्वदर्शन दाखवणे (यासाठी क्यूटी वेबइंजिन हा वेबपाने दाखवणारा क्यूटीचा भाग वापरला आहे) आणि दोन संगणकांवरच्या नोंदींचा मेळ घालणे. हे चारही गाभ्यात घातले तर पॅकेज अनेक पटींनी फुगते, आणि ज्याला फक्त नोंदी लिहायच्या आहेत त्याच्यावर ते ओझे विनाकारण पडते. उलट चारही वेगळे ठेवले तर ज्याला मजकूर ओळखण्याची सोय हवी आहे त्याने ती कुठून आणायची, कोणत्या आवृत्तीची आणायची आणि कुठे ठेवायची, हे प्रश्न उभे राहतात. माझे बरेचसे वापरकर्ते तांत्रिक माणसे नाहीत. फाइल उतरवून विशिष्ट फोल्डरमध्ये नेऊन टाकण्याची सूचना त्यांच्यासाठी निरुपयोगी आहे. काही जणांच्या संगणकाला तर इंटरनेटच नाही.

माझ्यासमोर तीन वाटा आहेत. एकच मोठा इन्स्टॉलर देऊन त्यात टिक करण्याच्या चौकटी ठेवणे, प्रत्येक ॲड-ऑनचे स्वतंत्र पॅकेज करणे, किंवा प्रोग्रामच्या आतच ॲड-ऑनची एक खिडकी ठेवून तिथून हवे ते उतरवून घेऊ देणे. यांपैकी कोणती वाट दीर्घकाळ सांभाळता येण्याजोगी आहे, याबद्दल अनुभवी मंडळींचे मत हवे आहे.

पॅकेज_देखभाल (प्रतिसाद)

आपण वाट निवडण्यापासून सुरुवात केली आहे. माझी विनंती अशी, की त्याआधी प्रत्येक ॲड-ऑनच्या पोटात नेमके काय आहे ते पाहावे. काही ॲड-ऑन म्हणजे केवळ माहितीच्या फाइली असतात, उदाहरणार्थ शब्दकोश, भाषेचा डेटा, नमुने, चिन्हे. काही ॲड-ऑन स्वतंत्र प्रोग्राम असतात, ज्यांना गाभा हाक मारतो आणि उत्तर घेतो. उरलेले ॲड-ऑन गाभ्याच्या प्रक्रियेतच येऊन बसतात, म्हणजे चालू प्रोग्राममध्ये लोड होणारी लायब्ररी असतात. पॅकेज बांधण्याचा जवळजवळ सगळा त्रास या शेवटच्या प्रकारातून येतो, आणि म्हणून जे त्यातून बाहेर काढता येईल ते आधी बाहेर काढावे.

आपल्या चार ॲड-ऑनकडे या नजरेने पाहिले तर चित्र बरेच बदलते. हनस्पेलची लायब्ररी काहीशे किलोबाइटची आहे, मोठे असतात ते शब्दकोश. तेव्हा लायब्ररी गाभ्यातच घ्यावी आणि शब्दकोश तेवढे बाहेर ठेवावेत. लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्स दोन्ही हनस्पेलच वापरतात, त्यामुळे लिनक्सवर शब्दकोश बहुधा आधीच सामायिक जागी ठेवलेले सापडतात. ते तिथूनच वाचावेत, स्वतःची वेगळी प्रत लादू नये. टेसरॅक्टच्या बाबतीत गाभ्याला त्याच्या लायब्ररीशी जोडू नका. चित्राची फाइल घेऊन मजकूर परत देणारा एक छोटा सहायक प्रोग्राम लिहा आणि टेसरॅक्टवरचे सगळे अवलंबित्व त्या सहायकाच्या गळ्यात राहू द्या. एखाद्या खराब चित्रावर तो कोसळला, तरी उघडी नोंद सुरक्षित राहते.

वेबइंजिनबद्दल स्पष्टच लिहितो. त्याच्या आत अख्खे क्रोमियम (क्रोम ब्राउझरचा मुक्त पाया) आहे आणि त्याची मुख्य लायब्ररी एकटीच शंभर मेगाबाइटच्या वर जाते. नोंदीचे पूर्वदर्शन दाखवण्यासाठी हे साधन मला अवाजवी वाटते. क्यूटीचा स्वतःचा मजकूर-दस्तऐवज एचटीएमएलचा मर्यादित भाग समजतो आणि ५.१४ या आवृत्तीपासून मार्कडाउन ही साध्या चिन्हांनी मजकूर सजवण्याची पद्धतही वाचतो. तेवढ्यात काम भागत असेल तर हे ॲड-ऑन काढून टाकलेलेच बरे, कारण जे ॲड-ऑन नाही त्याचे पॅकेजही करावे लागत नाही.

आता लिनक्सच्या पॅकेजकडे येतो. गाभ्याची मुख्य फाइल एखाद्या लायब्ररीशी थेट लिंक झालेली, म्हणजे बांधणीच्या वेळीच जोडलेली असेल, तर ती लायब्ररी नसताना प्रोग्राम सुरूच होणार नाही. मग माहितीपत्रकात आपण तिला कितीही ऐच्छिक म्हणा, व्यवहारात ती सक्तीचीच असते. डेबियन या लिनक्स वितरणाची साधने या बाबतीत प्रामाणिक आहेत. बांधणीच्या वेळी ती फाइल तपासून कोणकोणत्या लायब्ररी लागतात ते स्वतःच शोधतात आणि पॅकेजच्या ‘डिपेंड्स’ (सक्तीची अवलंबित्वे) या रकान्यात लिहून टाकतात. म्हणून ऐच्छिक कोड वेगळ्या फाइलीत असला पाहिजे आणि तो गरज पडेल तेव्हाच लोड झाला पाहिजे. अशी फाइल गाभ्याच्याच पॅकेजमध्ये ठेवायची असेल, तरी लायब्ररी शोधणाऱ्या साधनाला त्या फाइलीपुरते ‘डिपेंड्स’ऐवजी ‘रेकमेंड्स’ (शिफारस) किंवा ‘सजेस्ट्स’ (सूचना) मध्ये लिहायला सांगता येते. ही सोय फारशी वापरली जात नाही, पण लहान प्लगइनसाठी (गाभ्यात लोड होणाऱ्या ॲड-ऑनसाठी) ती फार उपयोगी आहे.

या दोन रकान्यांतला फरक नीट समजून घ्यावा. डेबियनच्या धोरणानुसार, अपवादात्मक परिस्थिती वगळता जे पॅकेज सोबत असायला हवे ते ‘रेकमेंड्स’मध्ये जाते, आणि ज्याने उपयुक्तता वाढते पण ज्याच्याशिवाय काहीच अडत नाही ते ‘सजेस्ट्स’मध्ये. २००९ साली आलेल्या डेबियन ५.० पासून एपीटी हे पॅकेज बसवणारे साधन शिफारस केलेली पॅकेजे आपोआप बसवते, सुचवलेली बसवत नाही. म्हणजे आपण मजकूर-ओळख ‘रेकमेंड्स’मध्ये लिहिली, तर बहुतेक सगळ्यांच्या संगणकावर ती येणारच आणि हलकेपणाचा हेतू तिथेच संपेल. मी ती ‘सजेस्ट्स’मध्ये ठेवीन आणि मूळ भाषेचा शब्दकोश ‘रेकमेंड्स’मध्ये. फेडोरासारख्या, आरपीएम ही दुसरी पॅकेज-पद्धत वापरणाऱ्या वितरणांतही २०१४ च्या आरपीएम ४.१२ पासून अशी सौम्य अवलंबित्वे आहेत आणि त्यांत एक उलट्या दिशेची सोयही आहे: ‘मूळ पॅकेज असेल तर मलाही घ्या’ असे ॲड-ऑनचे पॅकेज स्वतः सांगू शकते, त्यासाठी गाभ्याच्या पॅकेजला हात लावावा लागत नाही. आर्च लिनक्समध्ये ऐच्छिक पॅकेजांची फक्त यादी दाखवली जाते, ती आपोआप बसत नाहीत.

ज्याला सगळेच हवे आहे त्याच्यासाठी एक रिकामे, फक्त अवलंबित्वे असलेले मेटापॅकेज करावे. एक्सएफसीई डेस्कटॉपने हेच केले आहे. मूळ डेस्कटॉपचे मेटापॅकेज वेगळे आणि जास्तीच्या सोयींचे ‘गुडीज’ वेगळे. जिआनी हा हलका संपादकही अभ्यासण्यासारखा आहे. डेबियनमध्ये त्याची प्रत्येक प्लगइन स्वतंत्र पॅकेजमध्ये आहे आणि सगळ्या एकदम घेण्यासाठी वर एक मेटापॅकेज आहे.

इन्स्टॉलर_अभ्यासक (प्रतिसाद)

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे, मात्र विंडोजवर सामायिक पॅकेज-भांडारावर विसंबून राहता येत नाही आणि त्यामुळे तिथला विचार निराळा करावा लागतो. विंगेट हे मायक्रोसॉफ्टचे, आज्ञेतून पॅकेजे बसवणारे साधन आले आहे हे खरे, पण आपले वापरकर्ते तांत्रिक नाहीत असे आपण लिहिता. ते एक फाइल उतरवतील, तिच्यावर दोनदा क्लिक करतील आणि ‘पुढे, पुढे’ करत जातील. या ‘पुढे, पुढे’ करणाऱ्याला जे मिळते तेच आपले खरे उत्पादन, बाकीचे पर्याय अल्पसंख्याकांसाठी असतात, हे धरून चालावे.

इनो सेटअप या विंडोजसाठी इन्स्टॉलर बनवणाऱ्या साधनात इन्स्टॉलेशनचे प्रकार आणि घटक अशी दोन पातळ्यांची रचना आहे. ‘संपूर्ण’, ‘आटोपशीर’ आणि ‘निवडीनुसार’ असे प्रकार ठेवावेत, गाभ्याचा घटक न काढता येणारा म्हणून नोंदवावा आणि मूळ निवड ‘आटोपशीर’ ठेवावी. घटकाचे नाव वापरकर्त्याच्या कामाच्या भाषेत असावे. चौकटीपुढे ‘टेसरॅक्ट इंजिन’ असे लिहिले तर कोणालाच काही कळत नाही, ‘स्कॅन केलेल्या कागदातला मजकूर वाचणे’ असे लिहिले तर कळते. किती जागा लागेल हे इन्स्टॉलर स्वतःच दाखवतो.

अद्ययावतीकरणाकडे विशेष लक्ष द्यावे. प्रोग्रामची अंतर्गत ओळख प्रत्येक आवृत्तीत तीच ठेवली, तर नवा इन्स्टॉलर मागच्या वेळची निवड आठवणीत ठेवतो आणि त्याच चौकटी टिक केलेल्या दाखवतो. ती ओळख बदलली, तर विंडोज त्याला वेगळाच प्रोग्राम समजते, ‘प्रोग्राम काढा’च्या यादीत दोन नोंदी दिसू लागतात आणि जुने ॲड-ऑन कोणाचे हे कोणालाच सांगता येत नाही. कार्यालयांसाठी एमएसआय (विंडोजच्या स्वतःच्या इन्स्टॉलर-व्यवस्थेचे पॅकेज) द्यायचे ठरवले, तर तिथे घटकांच्या गटांना ‘फीचर’ म्हणतात आणि कोणते फीचर बसवायचे ते व्यवस्थापक आज्ञेतूनच ठरवू शकतो. मोठ्या संस्थेत हीच गोष्ट निर्णायक ठरते, कारण तिथे प्रत्येक संगणकासमोर बसून चौकटी टिक करणे कोणालाही शक्य नसते.

प्रशासकाचे अधिकार न मागता, फक्त त्या वापरकर्त्यापुरते इन्स्टॉल करण्याची मुभा जरूर द्यावी. हलक्या प्रोग्रामचे निम्मे सौंदर्य यातच आहे. नंतर एखादे ॲड-ऑन वाढवायचे झाले तरी अडथळा येत नाही.

इंटरनेट नसलेल्यांसाठी दुसरा, पूर्ण इन्स्टॉलर ठेवावा. एकाच स्क्रिप्टमधून दोन्ही तयार करता येतात. छोट्या इन्स्टॉलरने मोठे घटक गरजेनुसार उतरवून घ्यायचे असतील, तर इनो सेटअपमध्ये ६.१ पासून ती सोय अंगभूत आहे आणि उतरवलेल्या फाइलीची एसएचए-२५६ बेरीज (फाइलीच्या मजकुरावरून काढलेला तिचा ठसा) जुळते का हेही ती तपासते. हे तपासणे ऐच्छिक समजू नका.

नोंदवही_विकसक

दोघांचेही मनापासून आभार. वेबइंजिनशिवाय पूर्वदर्शन करून पाहतो. सूचना पटली आहे, कारण माझ्या नोंदींत तक्ते आणि चित्रे यांपलीकडे फारसे काही नसते. मजकूर-ओळख सहायक प्रोग्राममध्ये हलवणेही शक्य दिसते.

मेळ घालण्याचे ॲड-ऑन मात्र गाभ्याच्या प्रक्रियेतच राहावे लागेल, कारण नोंद उघडी असताना होणारे बदल त्याला तत्क्षणी कळायला हवेत. हे ॲड-ऑन आणि गाभा यांच्या आवृत्त्या एकमेकांपासून दूर गेल्या तर काय करावे? प्रत्येक वेळी दोन्ही एकदमच अद्ययावत करण्याची सक्ती करावी का?

शिवाय प्रोग्रामच्या आतल्या ॲड-ऑन-खिडकीबद्दल कोणी काहीच लिहिलेले नाही. ज्या क्षणी वापरकर्ता ‘या चित्रातला मजकूर वाचा’ असे म्हणतो, त्याच क्षणी त्याला सोय मिळावी, ही माझी त्यामागची कल्पना आहे.

सँडबॉक्स_वाचक (प्रतिसाद)

त्या क्षणी विचारावे हे अगदी योग्य आहे. इन्स्टॉल करताना माणसाला आपल्याला पुढे काय लागेल हे माहीत नसते, त्यामुळे तेव्हा विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तो अंदाजाने देतो. पण विचारणारा आणि आणून देणारा एकच असण्याची गरज नाही. प्रोग्रामने विचारावे, आणि बसवण्याचे काम ज्या व्यवस्थेने गाभा बसवला तिच्याकडेच सोपवावे. अन्यथा एकाच प्रोग्रामच्या काही फाइलींची नोंद पॅकेज-व्यवस्थेकडे आणि काहींची फक्त आपल्या प्रोग्रामकडे अशी विभागणी होते. मग अद्ययावत करताना किंवा काढून टाकताना त्या दुसऱ्या फाइलींचा वाली कोणी उरत नाही.

लिनक्सवर याची रीतसर सोय आहे. प्रोग्रामची माहिती नोंदवण्याच्या ॲपस्ट्रीम या मापदंडात ‘ॲड-ऑन’ नावाचा घटकप्रकार आहे आणि हे ॲड-ऑन कोणत्या प्रोग्रामचा विस्तार करते ते त्यात नोंदवता येते. ही छोटी फाइल पॅकेजमध्ये असली की नोम सॉफ्टवेअर या प्रोग्राम शोधून बसवण्याच्या ॲपमध्ये आपल्या प्रोग्रामच्या पानावरच ॲड-ऑन दिसतात आणि वापरकर्ता तिथूनच ते निवडतो. आपल्या प्रोग्रामात ‘ही सोय बसवलेली नाही, बसवायची का?’ अशी सूचना दाखवावी आणि बटण दाबल्यावर ॲपस्ट्रीमचा दुवा उघडावा. नोम सॉफ्टवेअर आणि केडीई डेस्कटॉपचे तसेच ॲप डिस्कव्हर दोन्ही तो दुवा ओळखतात. ध्वनी-चित्रफितींच्या जगात जीस्ट्रीमर अशीच पद्धत वर्षानुवर्षे वापरत आले आहे. फीत वाचून दाखवणारा डीकोडर नसेल तर प्रोग्राम तसे कळवतो आणि तो शोधून बसवण्याचे काम वितरणाची व्यवस्था करते.

फ्लॅटपॅक या, कोणत्याही लिनक्स वितरणावर चालणाऱ्या पॅकेज-पद्धतीत हा विचार आणखी पुढे गेलेला आहे. तिथे गाभ्याच्या मॅनिफेस्टमध्ये (पॅकेज कसे बांधायचे ते सांगणाऱ्या फाइलीत) ‘विस्तारबिंदू’ जाहीर करावा लागतो, म्हणजे अमुक नावाने सुरू होणारे विस्तार अमुक फोल्डरमध्ये जोडले जावेत असे सांगायचे. विस्तार आपोआप उतरवायचा की मागितल्यावरच, गाभा काढल्यावर तो काढायचा की ठेवायचा, हेही तिथेच लिहिता येते. गिंप आणि ओबीएस स्टुडिओ यांच्या प्लगइन फ्लॅटहब या फ्लॅटपॅकच्या भांडारावर याच रीतीने मिळतात. भाषांतराच्या फाइली तर फ्लॅटपॅक स्वतःच वेगळ्या करते आणि वापरकर्त्याच्या भाषेपुरत्याच उतरवते. टेसरॅक्टच्या भाषा-डेटासाठी हा विस्तारबिंदू मला सर्वांत स्वच्छ मार्ग वाटतो. टेसरॅक्ट शंभराहून अधिक भाषा ओळखते, पण एका माणसाला त्यांतल्या दोन-तीनच लागतात.

ॲपइमेज (न बसवता थेट चालणारे लिनक्सचे पॅकेज) निवडणार असाल तर एक मर्यादा आधीच ध्यानात घ्या. ती एकच फाइल असते आणि चालताना ती केवळ वाचता येणाऱ्या फाइलव्यवस्थेच्या रूपात जोडली जाते, त्यामुळे तिच्या आत नंतर काहीही टाकता येत नाही. ॲड-ऑन वापरकर्त्याच्या स्वतःच्या डेटा-फोल्डरमध्येच ठेवावे लागतात आणि गाभ्याने तिथे शोधावे लागते. पेन-ड्राइव्हवरून द्यायला मात्र ॲपइमेजइतके सोपे दुसरे काही नाही, म्हणून इंटरनेट नसलेल्या लिनक्स वापरकर्त्यांसाठी सगळे ॲड-ऑन आत असलेली एकच ॲपइमेज करावी आणि ऐच्छिकतेचा प्रश्न तिथे उपस्थितच करू नये.

पॅकेज_देखभाल (प्रतिसाद)

आवृत्त्यांच्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण माझ्या मते या धाग्यातला तोच सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे.

दोन्ही एकदमच अद्ययावत करण्याची सक्ती करणे सोपे आहे. ॲड-ऑन आणि गाभा एकाच स्रोतातून बांधले जात असतील तर ‘नेमकी हीच आवृत्ती’ असे अवलंबित्व लिहून मोकळे होता येते आणि सुरुवातीला तसेच करावे. पण उद्या दुसऱ्या कोणी आपल्या प्रोग्रामसाठी ॲड-ऑन लिहिले, तर गाभ्यातली किरकोळ चूक दुरुस्त केल्यावरही त्याला पुन्हा पॅकेज काढावे लागेल आणि तोवर वापरकर्त्याचे अद्ययावतीकरण अडून राहील. म्हणून प्रोग्रामची आवृत्ती आणि ॲड-ऑनशी बोलण्याच्या करारनाम्याची (गाभा आणि ॲड-ऑन यांनी एकमेकांना कशी हाक मारायची या नियमांची) आवृत्ती हे दोन स्वतंत्र आकडे ठेवावेत. दुसरा आकडा तेव्हाच वाढवावा, जेव्हा जुने ॲड-ऑन खरोखरच चालणार नाही.

डेबियनमध्ये हा आकडा आभासी पॅकेजच्या (प्रत्यक्ष फाइली नसलेल्या, केवळ नावापुरत्या पॅकेजच्या) नावात घालण्याची पद्धत आहे. गाभा ‘मी तिसऱ्या करारनाम्याचा आहे’ असे ‘प्रोव्हाइड्स’ (हे पॅकेज काय पुरवते) या रकान्यात जाहीर करतो आणि ॲड-ऑन गाभ्याच्या आवृत्तीवर अवलंबून न राहता त्या आभासी नावावर अवलंबून राहते. पर्ल या भाषेचे संकलित मॉड्यूल याच पद्धतीने पर्लच्या अंतर्गत रचनेशी बांधलेले असतात. गाभ्याने करारनामा बदलला की जुन्या नावाचे पॅकेज नाहीसे होते, आणि एपीटी न जुळणारी जोडी बसवूच देत नाही. म्हणजे बिघाड प्रोग्राम चालू असताना होण्याऐवजी इन्स्टॉल करतानाच लक्षात येतो.

फक्त पॅकेजच्या भरवशावर राहू नये. लोड केल्यावर ॲड-ऑनला पहिला प्रश्न ‘तुझा करारनामा कितवा?’ हाच विचारावा, आणि आकडा जुळला नाही तर ते बाजूला ठेवून गाभा नेहमीसारखा सुरू व्हावा. हे पहिले बोलणे साध्या सी फंक्शनमधून करावे. सी++चे वर्ग एका कंपायलरने बांधलेल्या फाइलीतून दुसऱ्या कंपायलरच्या फाइलीत नेले, तर विंडोजवर हमखास गोंधळ होतो, कारण व्हिज्युअल सी++ आणि मिनजीडब्ल्यू या दोन कंपायलरांची अंतर्गत मांडणी एकमेकांशी जुळत नाही.

इन्स्टॉलर_अभ्यासक (प्रतिसाद)

लिनक्सवर बसवण्याचे काम व्यवस्थेकडे सोपवावे, हे मान्य. विंडोजवर मात्र आतली खिडकी टाळणे कठीण आहे, आणि ती ठेवायचीच असेल तर पूर्ण जबाबदारीने ठेवावी. इंटरनेटवरून कोड आणून तो वापरकर्त्याच्या अधिकाराने चालवणे ही हलकी गोष्ट नाही. एचटीटीपीएस केवळ वाटेतल्या हस्तक्षेपापासून वाचवते. सर्व्हरवरची फाइलच कोणी बदलली तर ते काहीच करू शकत नाही. म्हणून ॲड-ऑनच्या यादीवर डिजिटल स्वाक्षरी असावी, ती पडताळण्याची सार्वजनिक किल्ली गाभ्यात असावी आणि खासगी किल्ली सर्व्हरवर कधीही ठेवू नये. यादीत प्रत्येक फाइलीची बेरीज, आवृत्ती आणि करारनाम्याचा आकडा असावा. जुनी, पण स्वाक्षरी बरोबर असलेली यादी पुढे करून कोणी सदोष आवृत्ती माथी मारू नये यासाठी यादीलाच चढता क्रमांक द्यावा आणि आधी पाहिलेल्या क्रमांकापेक्षा लहान क्रमांकाची यादी गाभ्याने नाकारावी.

उतरवलेले ॲड-ऑन प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये टाकू नये. ते वापरकर्त्याच्या स्थानिक डेटा-फोल्डरमध्ये, आवृत्तीच्या नावाच्या उपफोल्डरात ठेवावे. नवी आवृत्ती शेजारी पूर्ण उतरल्यावरच तिच्याकडे वळावे, म्हणजे मध्येच वीज गेली तरी जुने ॲड-ऑन शाबूत राहते. तसेच लायब्ररी लोड करताना नेहमी पूर्ण मार्ग द्यावा. नुसते नाव दिले तर विंडोज ठरावीक क्रमाने अनेक फोल्डर धुंडाळते आणि त्यांपैकी एखाद्यात कोणी त्याच नावाची फाइल ठेवली असेल तर तीच लोड होऊ शकते.

इंटरनेट नसलेल्यांना हीच खिडकी उपयोगी पडावी म्हणून तिच्यात ‘फाइलीतून बसवा’ हे बटणही ठेवावे. पडताळणी दोन्ही वाटांनी तीच राहील.

नोंदवही_विकसक

करारनाम्याच्या आकड्याची कल्पना आजच अमलात आणायला घेतो. मेळाचे ॲड-ऑन मी गाभ्याच्याच स्रोतात ठेवणार आहे, तरीही तपासणी पहिल्यापासून असावी हे पटले. विंडोजसाठी एक छोटा आणि एक पूर्ण इन्स्टॉलर, लिनक्ससाठी डेब (डेबियनची) पॅकेजे आणि फ्लॅटपॅक, असे सध्या ठरवत आहे.

एक शेवटची शंका. वापरकर्त्याने मजकूर-ओळखीचे ॲड-ऑन काढून टाकले, तर त्याने आधी ओळखून ठेवलेल्या मजकुराचे आणि ॲड-ऑनच्या सेटिंगचे काय करावे?

पॅकेज_देखभाल (प्रतिसाद)

ओळखलेला मजकूर हा वापरकर्त्याच्या नोंदीचा भाग आहे. तो गाभ्याच्या डेटाबेसमध्ये, गाभ्यालाच वाचता येईल अशा स्वरूपात ठेवावा, म्हणजे ॲड-ऑन गेले तरी शोध चालूच राहतो, फक्त नव्या चित्रातला मजकूर ओळखता येत नाही. ॲड-ऑनने स्वतःचे खासगी स्वरूप वापरून नोंदीत काही साठवण्याची मुभाच देऊ नये. द्यावीच लागली, तर न समजणारा भाग गाभ्याने जसाच्या तसा जपून ठेवावा आणि नोंद पुन्हा जतन करताना तो पुसू नये.

सेटिंगच्या बाबतीत लिनक्सवर संकेत स्पष्ट आहे. पॅकेज काढताना, अगदी ‘पर्ज’ (सेटिंगसकट पूर्ण काढणे) करतानाही, वापरकर्त्याच्या होम फोल्डरला पॅकेजने हात लावायचा नसतो. विंडोजवर इनो सेटअपचा अनइन्स्टॉलर त्याने स्वतः ठेवलेल्या फाइलीच काढतो, त्यामुळे आतल्या खिडकीतून उतरवलेली ॲड-ऑन मागे राहतात. ती काढण्याची ओळ स्क्रिप्टमध्ये वेगळी लिहावी लागेल. ती लिहिताना ॲड-ऑनचे फोल्डर आणि नोंदींचे फोल्डर एकमेकांच्या आत नाहीत याची खात्री करून घ्या, आणि नोंदींचे फोल्डर त्या ओळीत कुठल्याही परिस्थितीत येऊ देऊ नका.